मदत हवी आहे: नॉझलच्या (झोत सोडणाऱ्या तोटीच्या) तोंडाला दाते पाडले, शिट्टी गेली, पण आवाज खरंच कमी झाला का?

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईतल्या उलव्याचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट: सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगवान) प्रवासी विमानाच्या जेटचा, म्हणजे इंजिनातून सुटणाऱ्या झोताचा, आवाज कमी करणे. विषय हट्टाने घेतलाय. काँकॉर्ड हे असं विमान २००३ मध्ये थांबलं, पण तशी विमानं पुन्हा आणायचे प्रयत्न चालू आहेत, आणि आमच्याकडे तर विमानतळ आता दाराशी आलाय.

मूळ अडचण कळते. सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू) जेटच्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते, हे ब्रिटिश गणितज्ञ लाइटहिलने १९५२ मध्ये मांडलं. वेग निम्मा केला की २४ डेसिबल उतरतात. साध्या विमानात मोठा पंखा लावून भरपूर हवा हळू सोडतात. सुपरसॉनिकला एवढं जाडजूड इंजिन झेपत नाही, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो. काँकॉर्डला तर टेकऑफला आफ्टरबर्नरही (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) लागायचा.

काकांचं रबाळे एमआयडीसीत लेथचं शॉप आहे. तिथल्या कॉम्प्रेसरला ८ मिमीचं पितळी नॉझल लावलं, गेजवर ४ बार. एवढ्या दाबाची हवा तोंडाबाहेर पडल्यावर फुगते, झोतात शॉक (दाब एकदम बदलणारे पट्टे) तयार होतात आणि कानात सुई टोचावी तशी शिट्टी येते. हाच स्क्रीच. दुसऱ्या नॉझलच्या तोंडाला वायरकटवर (ठिणगीच्या तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) सहा दाते पाडले. शिट्टी गायब! मोबाइलच्या अ‍ॅपवर ५ डेसिबल कमी. पण काका म्हणाले, "आवाज गेला नाही रे, पातळ झालाय."

अ‍ॅपचं खरं मानू की काकांचं? आणि दात्यांपायी थ्रस्ट (झोताचा रेटा) किती गेला, ते घरगुती साधनांनी कसं मोजू?

प्रतिसाद:

शिट्टी गेली हे खरं, पण बाकीच्या आवाजाबाबत काकांचा कान बरोबर आहे. दाते मोठे भोवरे मोडतात, बारीक वाढवतात, म्हणून आवाज वरच्या सुरांत सरकतो. तुझ्या जेटचा मुख्य आवाजच १२ किलोहर्ट्झच्या आसपास असणार. सरकलेला बराच भाग २० च्या वर जातो, तो फोनला पकडता येत नाही. आणि तोच महत्त्वाचा! खऱ्या इंजिनाच्या मीटरभराच्या नॉझलला, वेग तोच धरला तर, सगळे सूर १२५ पट खाली येतात. तुझे ४० किलोहर्ट्झ तिथे ३२० हर्ट्झ होतात, म्हणजे उलव्याच्या खिडकीत स्पष्ट ऐकू येतील. कॉलेजच्या लॅबमधून पाव इंची मायक्रोफोन मिळव आणि कडेने व मागून, दोन्हीकडून मोज.

थ्रस्टसाठी नॉझल बिजागरीच्या दांड्यावर बसव आणि तो दांडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबू दे. अडीच किलोच्या आसपास यायला हवं. दोन्ही नॉझलचा थ्रस्ट सारखा करूनच आवाजाची तुलना कर. इअरप्लग काकांनाही दे.