मदत हवी आहे: बीटा-गॅल स्टेनिंगमध्ये कंट्रोलही निळा येतोय

ए५४९ या फुप्फुसाच्या कॅन्सरपेशींत डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधाचा कमी डोस देऊन सेनेसन्स, म्हणजे विभाजन कायमचं थांबलेली अवस्था, आणतोय. ती ओळखायला बीटा-गॅल स्टेनिंग करतो; हे एन्झाइम जिथे सक्रिय असतं तिथे निळा रंग येतो. औषध काढल्यावर आठवडाभरात पेशी मोठ्या, पसरट होतात आणि छान निळ्या दिसतात. अडचण कंट्रोलची आहे. औषध न दिलेल्या प्लेटमध्ये जिथे पेशींची दाटी झाली आहे, तिथे केंद्रकाभोवती फिकट निळे ठिपके येतात. मोकळ्या जागेतल्या पेशी मात्र स्वच्छ.

बफरचा पीएच ६.० आहे, दर वेळी मोजतो. स्टेनिंग ३७ अंशांवर, पण कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये करतो, कारण त्या वायूने पीएच उतरतो आणि सगळंच निळं पडतं. पेशी विरळ पेरून पाहिल्या. ठिपके कमी झाले, पण कंट्रोल वाढतच राहतो, त्यामुळे शेवटी दाटी होतेच.

कृपया सेनेसन्सची खूण म्हणून पी१६ हे प्रथिन सुचवू नका, या पेशींत त्याचं जनुकच नाही. विभाजन रोखणाऱ्या इतर प्रथिनांपैकी पी५३ शाबूत आहे आणि पी२१ वाढलेलं दिसतं, पण तात्पुरत्या थांबलेल्या पेशींतही ते वाढतं, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर माझा भरवसा नाही. एकेका पेशीची चमक मोजणारा फ्लो सायटोमीटर आहे. मात्र डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकतं, म्हणून सी१२एफडीजीचे (बीटा-गॅलमुळे चमकणारं रसायन) आकडे वाचायला धास्ती वाटते.

ईडीयू (नवा डीएनए बनवणाऱ्या पेशी चमकवून दाखवणारी चाचणी) आणि लॅमिन बी१ची (सेनेसन्समध्ये घटणारं केंद्रकातलं प्रथिन) अँटीबॉडी हाताशी आहे. त्याच पेशींवर बीटा-गॅल आणि ईडीयू दोन्ही करायचं तर आधी कोणतं करता, गडद निळा रंग ईडीयूची चमक झाकतो का? आणि कंट्रोलची दाटी औषध देण्याच्या दिवशी जुळवायची की स्टेनिंगच्या दिवशी?