मदत हवी आहे: कनेक्टिकटहून आलेल्या भाच्याचं तोंड वाकडं झालंय, लाइम आजाराची शंका (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात होटगी रस्त्याला राहतो. ताई-दाजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात असतात. शाळेला सुट्टी लागल्यावर जूनअखेरीस 7 वर्षांच्या भाच्याला घेऊन इकडे आलेत. परवा सकाळी चूळ भरताना त्याच्या तोंडातून एका बाजूनं पाणी गळायला लागलं. उजवा डोळा पूर्ण मिटत नाही, हसला की तोंड डावीकडे ओढलं जातं. आई म्हणाली, तोंडावरून वारं गेलं.

इथल्या बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं. हातपाय, बोलणं ठीक आहे. उजव्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही, म्हणजे बिघाड मेंदूत नाही, चेहऱ्याच्या नसेत आहे. बेल्स पाल्सी (ठरावीक कारण न सापडता चेहऱ्याची नस लुळी पडणं) असं निदान करून स्टेरॉइड लिहून दिलंय. ते अजून दिलेलं नाही, कारण ताईनं तिकडच्या डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी आधी हेच विचारलं, की उन्हाळ्यात अंगावर चट्टा आला होता का? आला होता. मे महिन्यात गुडघ्यामागे लाल गोल चट्टा उठला, खाजला नाही, दुखला नाही, तळहाताएवढा पसरला आणि आपोआप गेला. त्यांच्या घरामागे रान आहे, हरणं पार अंगणात येतात.

लाइम हे गाव त्याच राज्यातलं. 1975 च्या सुमारास तिथल्या मुलांचे सांधे सुजू लागले, त्यातून हा आजार ओळखला गेला. बोरेलिया नावाचा जंतू गोचिडीमार्फत अंगात शिरतो. घरात हे कुणाला पटत नाही. मोहोळला शेतावर गुरांच्या गोचिडी सगळ्यांनी पाहिल्यात, चावल्या की कळतं म्हणतात. पण तिकडची लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावल्याचं बहुतेकांना आठवतही नाही. मुलांमध्ये हा आजार मज्जासंस्थेत गेला तर जास्त करून चेहऱ्याची नस लुळी पडते, नाहीतर मेंदूच्या आवरणाला सूज येते. आणि काल रात्रीपासून हा डोकं दुखतंय म्हणतोय. मला खरी भीती त्याची आहे.

तिकडचे डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करा म्हणतात. इथे ऐकलं की 8 वर्षांखाली त्यानं दात पिवळे पडतात. शिवाय मणक्यातून पाणी काढायचं नाव काढलं की आई रडायला लागते. तपासणी कुठे होईल, कुणाला दाखवावं? ज्यांच्या मुलांना हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:
दादा, मी मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय. डोकेदुखी सुरू झालीय तर आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळात औषध घालून डोळ्याचा मागचा पडदा बघून घ्या. लाइममध्ये मुलांच्या डोक्यातला दाब वाढू शकतो आणि त्यानं नजरेला धोका असतो. उलटी, मान ताठ होणं, एकाचं दोन दिसणं यांपैकी काही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. मणक्यातलं पाणी काढायला सांगितलं तर आईंना समजवा. आपल्याकडे टीबीचा आणि विषाणूंचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) वगळणं फार गरजेचं असतं, ते त्यातूनच कळतं.

डॉक्सिसायक्लिन 21 दिवसांपर्यंत 8 वर्षांखालच्या मुलांनाही देतात. दात डागाळल्याचा अनुभव त्याच गटातल्या जुन्या औषधांचा होता. नुसती नस लुळी असेल तर 14 ते 21 दिवसांचा कोर्स पोटातून पुरतो. लाइममध्ये स्टेरॉइडचा फायदा सिद्ध नाही, म्हणून चट्ट्याची गोष्ट सांगून ते द्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांना पुन्हा विचारा. चट्ट्याचा फोटो ताईंच्या मोबाइलमध्ये असेल तर सोबत न्या, इकडे हा आजार क्वचितच कुणी पाहिलेला असतो. रक्तातल्या अँटिबॉडी शोधायला आधी एलायझा ही चाचणी करतात, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट ही दुसरी चाचणी. किट अमेरिकेतल्या बोरेलियासाठी चालतं का हे लॅबला विचारा. तोवर डोळ्यात थेंब घाला आणि रात्री पापणी पट्टीनं बंद ठेवा, बुबुळ कोरडं पडू देऊ नका. बहुतेक मुलांचा चेहरा पूर्ण सुधारतो.

धागाकर्ता:
ताई, फार आभार. फोटो सापडला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी बोलावलंय, तिथून तसाच मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेतो. पुण्या-मुंबईच्या कुठल्या लॅबचं सोलापुरातलं केंद्र वेस्टर्न ब्लॉटसाठी रक्त घेतं, एवढं कुणाला माहीत असेल तर आज सांगा.