वृद्धांच्या केअर सेंटरसाठी सरकारी योजनेतून लोन – कुणी घेतलंय का?

नाशिकची_सिस्टर:
मंडळी नमस्कार. मी जीएनएम नर्स, बरीच वर्षं आयसीयूत काढली, आता घरोघरी जाऊन आजी-आजोबांचं बघते. नाशिकच्या बाहेर ग्रामपंचायत हद्दीत एक बंगला भाड्याने मिळतोय, तिथे १२ बेडचं सेंटर काढायचं डोक्यात आहे, अंथरुणाला खिळलेले आणि डिमेन्शियाचे पेशंट ठेवायचे. फाऊलर बेड, एअर मॅट्रेस, इन्व्हर्टर, रॅम्प, बाथरूममध्ये धरायला दांडे, स्वयंपाकघर असं सगळं धरून १८ लाखांपर्यंत जातंय. राहतं घर सासूबाईंच्या नावावर आहे, ते तारण ठेवायचं नाहीये. मुद्रा लोन घेऊ का पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मितीची सबसिडीवाली योजना)? आणि ते सीजीटीएमएसई काय प्रकरण आहे? बँकेत गेलं की साहेब "प्रोजेक्ट रिपोर्ट आणा" एवढंच म्हणतात.

रिटायर्ड_बँकवाला:
ताई, मुद्रात तुमचं बसणार नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला १० लाखच, २० लाखवालं 'तरुण प्लस' हे मुद्राचंच 'तरुण' गटातलं लोन आधी घेऊन फेडलेल्यांना. पीएमईजीपी बघा. सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो, तुम्ही महिला आणि जागा ग्रामीण, म्हणजे ३५ टक्के सबसिडी आणि पदरचे ५ टक्के. १८ लाखांवर ६ लाख ३० हजार झाले की! फक्त ते हातात पडत नाहीत हां, बँक ३ वर्षं टीडीआरमध्ये (मुदत ठेवीत) ठेवते, तेवढ्यावर व्याज लावत नाही आणि युनिट चालू दिसलं की मग लोनमध्ये वळते करते. अर्ज केव्हीआयसीच्या (खादी ग्रामोद्योग आयोगाच्या) पोर्टलवर, फुकट. एजंट लोक मागे लागतील, त्यांना दारात उभं करू नका. आणि मंजुरीच्या आधी पेशंट घ्यायला सुरुवात करू नका, ही योजना नव्या युनिटलाच आहे.

सीजीटीएमएसई म्हणजे वेगळं लोन नाही, सरकार आणि सिडबीने (लघुउद्योग विकास बँकेने) २००० साली काढलेला ट्रस्ट आहे, तो हमी देतो पण बँकेला, तुम्हाला नाही. हप्ते थकले तर बँक आधी तुमच्याकडेच येणार. हमीची फी पण बहुतेक बँका तुमच्याकडूनच घेतात. फायदा एवढाच की तारण नको, बाहेरचा जामीनदार नको. पीएमईजीपीचं लोनही त्याखाली घालता येतं, तसं स्पष्ट विचारा, नाहीतर काही मॅनेजर सवयीने घराचे कागद मागतात.

वाईकर_अण्णा:
आमचं छोटं सेंटर आहे म्हणून सांगतो. सीए रिपोर्टमध्ये पहिल्या महिन्यापासून सगळे बेड भरलेले दाखवतो, बँक खूश, पण बेड तसे भरत नाहीत, माणसं आधी कुणाचा तरी अनुभव ऐकून येतात. निम्मे बेड रिकामे धरा आणि मग मावश्यांचे दोन शिफ्टचे पगार, भाडं, डायपर, लाईटबिल जाऊन हप्ता निघतोय का ते बघा. नसेल निघत तर ६ बेडने सुरू करा, सरळ. मोरॅटोरियम (हप्ते सुरू होण्याआधीची सवलत) जेवढा मिळेल तेवढा मागून घ्या. दुसरं म्हणजे डिपॉझिट. ते उत्पन्नात धरायचंच नाही, वेगळ्या खात्यात टाकायचं. आजोबा गेले की दहाव्याच्या आत मुलगा डिपॉझिट मागायला येतो, आणि त्याचं चूक नाही, पैसे त्याचेच आहेत.

पुणेरी_पाटी:
त्यापेक्षा ट्रस्ट काढा ना, जीएसटी लागत नाही म्हणे.

रिटायर्ड_बँकवाला:
सरसकट नाही हो. इन्कम टॅक्सला धर्मादाय म्हणून नोंद झालेली संस्था, राहणारे ६० च्या पुढचे आणि राहणं-जेवण धरून महिन्याला माणशी २५ हजारांपर्यंत, तर माफी. ताईंना स्वतःचा व्यवसाय करायचाय, ट्रस्टमध्ये नफा घरी नेता येत नाही. प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा), उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), बास.

नाशिकची_सिस्टर:
खूप आभार दोघांचे. मालक ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट करू म्हणतोय, चालेल का?

वाईकर_अण्णा:
अजिबात नाही. लोन ५-७ वर्षांचं आणि करार ११ महिन्यांचा? उद्या त्याने उठा म्हटलं तर १२ पेशंट घेऊन कुठे जाणार? लोनच्या मुदतीपेक्षा लांबचा रजिस्टर्ड लीज करा, रॅम्प आणि बाथरूमची तोडफोड करायला त्याची लेखी परवानगी त्यातच घाला. तयार नसेल तर बंगला दुसरा बघा.