उभ्या यॉटचा खर्च

वर एकांनी लिहिलंय की एकदा यॉट घेतली की पुढे मोठा खर्च डिझेलचाच. मला हे पटत नाही. बोट हलली की डिझेल जास्त लागतं, खलाशी मात्र बारा महिने लागतात. दरवर्षी किमतीच्या साधारण 10 टक्के खर्च धरावा, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. 2022 साली अमेरिकेच्या विनंतीवरून फिजीत जप्त झालेली 106 मीटरची 'अमाडिया' बघा. पुढे ती सॅन दिएगोत नुसती उभी होती, तरी पगार, विमा, देखभाल मिळून अमेरिकी सरकारला दरमहा लाखो डॉलर मोजावे लागत होते. खाऱ्या, दमट हवेत एसी बंद ठेवला तर आतलं लाकूडकाम खराब होतं, म्हणून जनरेटर किंवा किनाऱ्यावरची वीजही चालूच ठेवावी लागते.

ओढ मला कळते. उन्हाळ्यात भूमध्य समुद्र, हिवाळ्यात कॅरिबियन, आणि सकाळी खिडकीबाहेर रोज नवी खाडी! पण वर्षाला चार-पाच आठवडेच जमणार असतील तर खलाशांसकट भाड्यानेच घ्यावी. आणि विकत घेतलीच, तर खालच्या डेकवर एकेका छोट्या खोलीत दोघं-दोघं राहणाऱ्या त्या खलाशांच्या विश्रांतीचे तास आधी ठरवावेत.