मदत हवी आहे: बाबांसाठी सावकाश खेळायचा लपाछपीचा गेम (हिटमॅन गो संपत आलाय)

रामबागेची_लेक

नमस्कार मंडळी. मी इंदूरहून लिहितेय, रामबागेतून. प्रश्न गेमबद्दल आहे, पण खेळणार आहेत माझे बाबा. वय ७१. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं, स्मरण सगळं शाबूत आहे, पण उजव्या हाताची पकड गेली. आमच्या गल्लीत कॅरम म्हटलं की बाबांचंच नाव. डाव्या हातानं स्ट्रायकर मारून पाहिला एकदा. सोंगटी अर्ध्यातच थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्ड स्वतःच कपाटामागे सरकवून ठेवला, आणि त्यानंतर घरात बोरिक पावडरचा डबा कुणी उघडलेला नाही.

मे महिन्यात भाचा आला होता. त्यानं टॅबवर हिटमॅन गो टाकून दिला. मूळ हिटमॅन म्हणजे पळापळीचा, नेम धरायचा गेम. बाबांच्या उपयोगाचा अजिबात नाही. पण २०१४ साली त्याच मालिकेतून काढलेला हा गेम म्हणजे चक्क पट आहे. रेघा आणि ठिपके, ठिपक्यांवर उभ्या सोंगट्या. आपण एक चाल केली की सगळे पहारेकरी एकेक चाल करतात, मग पुन्हा आपण. घड्याळ नाही, घाई नाही. एका बोटानं सोंगटी सरकवायची. बाबा एकेका चालीला दहा-दहा मिनिटं घेतात आणि गेम तसाच थांबून राहतो. त्यांच्यासाठी याहून मोठी सोय नाही.

मला वाटतं हा गेम नेमका काय चांगलं करतो ते सविस्तर लिहावं, म्हणजे तुम्हाला तसंच दुसरं सुचवायला सोपं जाईल.

पहिलं म्हणजे पहारेकऱ्याचा स्वभाव त्याच्या कपड्यांच्या रंगावरून कळतो. निळा जागेवर उभा राहतो, पिवळा सरळ चालत जातो आणि टोकाला पोचला की फिरतो. एकदा ओळख झाली की पुढच्या चार चाली मनात मांडता येतात. बाबा डाव्या हाताची तर्जनी काचेपासून बोटभर वर धरतात, स्पर्श न करता पटावर फिरवतात आणि पुटपुटतात, "हा बसलाय... हा आता वळेल... मी इथं, तो तिथं." मग बोट टेकतं. कॅरममध्ये स्ट्रायकर लावण्याआधी ते असंच बोट हवेत फिरवायचे.

दुसरं, पहारेकरी फक्त समोरच्या ठिपक्यावरचा माणूस पकडतो. बाजूनं किंवा मागून गेलात तर तुम्ही त्याला उडवता. रक्त नाही, किंकाळी नाही. सोंगटी पडते आणि पटाच्या कडेला जाऊन बसते. आईचा आधी विरोध होता, "माणसं मारायचे खेळ घरात नकोत" म्हणून. तिनं दोन डाव शेजारी बसून पाहिले आणि म्हणाली, हे तर सोंगट्या खाणं आहे.

तिसरं मला फार आवडतं. एकाच पटावर वेगवेगळ्या अटी असतात. कधी इतक्याच चालींत बाहेर पडा, कधी कुणालाही न मारता जा, कधी बॅग उचलून न्या. काही वेळा या अटी एका डावात जमतच नाहीत, म्हणून तोच पट पुन्हा नव्या डोक्यानं बघावा लागतो. काल ज्या वाटेनं गेलो ती आज बंद. बाबांना फिजिओवाले सांगतात तोच व्यायाम रोज करायचा कंटाळा येतो, पण हा पट तिसऱ्यांदा मांडायचा येत नाही.

शिवाय दगड फेकून पहारेकऱ्याला दुसरीकडे बोलावणं, कुंडीमागे लपणं, वेषांतर, एका भुयारी झाकणातून उतरून दुसऱ्यातून वर येणं. एकेक गोष्ट सावकाश येते, आणि शिकवायला लांबलचक सूचना नसतात. बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण बारीक अक्षरं लावून वाचायचा त्यांना आता त्रास होतो.

अडचणी दोन. बोट घसरलं तर चाल होऊन जाते आणि आमच्याकडच्या आवृत्तीत ती मागं घेता येत नाही. आणि आता शेवटचे काही पटच उरलेत. बाबा मुद्दाम दिवसाला एकच खेळतात, पुरवून पुरवून.

तर मदत हवी आहे ती अशी. १) याच चालीचा पुढचा गेम कोणता? वेळेचं बंधन नको, एका बोटात व्हावा. २) मी पाटावर खडूनं रेघा मारून, बटणं आणि कवड्या घेऊन असे पट स्वतः मांडून बघतेय. पण दोनदा असं झालं की मी मांडलेला डाव सुटतच नव्हता, आणि बाबा तासभर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. डाव सुटणारा आहे हे आधी कसं ओळखायचं?

चक्रधर

ताई, ॲसॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स: इंडिया बघा. २०१६ चा आहे. १८४१ सालचं शीख साम्राज्य, अरबाझ मीर हा नायक, कोहिनूरच्या मागे लागलेली मंडळी. मूळ मालिकेसारखा मोकळा न फिरता कडेनं दिसणारा गेम आहे. शिपायांची नजर कुठवर पोचते ते रंगीत त्रिकोणात समोर आखलेलं दिसतं, त्यामुळे पकडले गेलो तर चूक आपलीच हे पटतं. चक्र फेकून दोरी कापणं वगैरे मस्त आहे. आपल्याकडचं वातावरण म्हणून काकांना आवडेल.

रामबागेची_लेक

धन्यवाद. भावाच्या कॉम्प्युटरवर हा पाहिलाय, चित्रं सुंदर आहेत. पण शिपाई आपल्यासाठी थांबत नाहीत. मध्ये मध्ये तर नुसतं जीव घेऊन पळायचं असतं. बाबांनी पाच मिनिटांत टेबलावरून हात मागे घेतला. तो हात मागे घेणं मला पुन्हा बघायचं नाहीये, म्हणून आधीच स्पष्ट लिहिलं.

उंट_तिरका_चालतो

ताई, दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

गेमबद्दल आधी. हिटमॅन गो करणाऱ्या स्क्वेअर एनिक्स माँट्रियलनं नंतर आणखी दोन 'गो' केले. लारा क्रॉफ्ट गो (२०१५) घ्या. त्यात माणसं नाहीत, साप, कोळी, सरडे आहेत, पण नियम ओळखीचा: साप समोरून डसतो, बाजूनं किंवा मागून गेलात तर मरतो. सरडा एक पाऊल मागे ठेवून पाठलाग करतो. काही फरश्या पहिल्या पावलाला तडकतात आणि दुसऱ्याला कोसळतात. सगळं चालीचालीनं. लपाछपी कमी आहे, विचार तितकाच. तिसरा, डेअस एक्स गो (२०१६), त्यात शत्रूची यंत्रं आपल्या बाजूला वळवता येतात, काकांना नक्की भावला असता. पण ४ जानेवारी २०२३ ला तो दुकानांतून काढला गेला. कुणी कुठल्यातरी साइटवरून फाइल उतरवायला सांगेल, ते करू नका, टॅबवर बाबांचे फोटो, बँकेचं सगळं असेल.

आता पाटाबद्दल. इथं मला खरंच आनंद झाला, कारण याच गोष्टीवर मी स्वतः अडलो होतो.

तुमच्या पाटावरच्या ठिपक्यांना बुद्धिबळासारखे काळे-पांढरे रंग द्या, शेजारचे दोन ठिपके नेहमी वेगळ्या रंगाचे. रेघा चौकटीच्या असतील तर हे सहज जमतं. या खेळात जागेवर थांबता येत नाही, चाल करावीच लागते. म्हणजे प्रत्येक चालीला तुमचा रंग बदलतो, आणि चालणाऱ्या पहारेकऱ्याचाही. दोघांचं नातं पहिल्या क्षणी जे असतं तेच शेवटपर्यंत राहतं.

उदाहरण घ्या. सरळ रेघ, समोरासमोर तुम्ही आणि तो, मध्ये दोन ठिपके रिकामे. तुम्ही एक पाऊल पुढे, तो एक पाऊल पुढे, आता तो तुमच्या शेजारी आणि चाल तुमची. उडवा त्याला. पण मध्ये एकच ठिपका रिकामा असेल तर? तुम्ही पुढे गेलात की थेट त्याच्या नाकासमोर, आणि चाल त्याची. संपलं. मागे सरकून पुन्हा आलात तरी काही बदलत नाही, कारण मागे-पुढे करण्यात दोन चाली जातात. कितीही येरझारा घाला, तो तुम्हाला धरू शकतो, तुम्ही त्याला नाही.

यावर उपाय म्हणजे पटावर कुठेतरी तीन ठिपक्यांचा त्रिकोण काढा. त्याला एक फेरी मारली की तीन चालींत तुम्ही मूळ जागी येता आणि नातं उलटतं. पाच ठिपक्यांचा फेराही चालेल. किंवा भुयार असं ठेवा की काळ्या ठिपक्यातून उतरून काळ्याच ठिपक्यावर वर येता येईल.

काकांना बुद्धिबळ येत असेल तर एवढंच सांगा: घोड्याला चाल दवडता येत नाही, राजाला येते. घोडा प्रत्येक उडीला रंग बदलतो, राजा त्रिकोणात फिरून एक चाल खातो. त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही.

आणि डाव सुटतो की नाही हे बघायचं तर बाहेर पडायच्या ठिपक्यापासून उलटं मांडत या. शेवटच्या चालीला पहारेकरी कुठे असायला हवा, त्याच्या आधी कुठे. उलटं चालत सुरुवातीपर्यंत पोचलात की डाव सुटतो. मांडताना प्रत्येक पहारेकऱ्याची फेरी किती चालींत पूर्ण होते ते कडेला लिहून ठेवा. चार ठिपक्यांच्या रेघेवरचा पिवळा सहा चालींत मूळ जागी, मूळ दिशेला येतो.

पाऊस_आणि_पोहे

माझ्या सासूबाईंना असाच झटका आला होता, म्हणून अनुभवातून. पाटाखाली ओला पंचा घडी करून ठेवा, पाट अजिबात सरकत नाही. सोंगट्या म्हणून चपटी बटणं घेऊ नका, उचलता येत नाहीत. बुचं किंवा दोऱ्याची रिकामी रिळं घ्या. आणि बाबा पहारेकरी हलवतात की तुम्ही? जमेल तसं पहारेकरी उजव्या हातानं हलवायला सांगून बघा, फिजिओला विचारून. टॅबसाठी जाड दांड्याचा स्टायलस मिळतो. बारीकच मिळाला तर त्यावर स्पंज गुंडाळून वरून रबर लावा.

रामबागेची_लेक

तुम्हा सगळ्यांना काय लिहू. लारा क्रॉफ्ट गो घेतला. पहिल्याच सापाला बाबा म्हणाले, "हा आपला निळाच आहे, कपडे बदलून आलाय."

पण खरी गंमत पाटावर झाली. घोड्याचं आणि राजाचं वाक्य मी बाबांना तसंच्या तसं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग खडू मागितला. डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या रेघांत त्यांनी स्वतः एक पट काढला. झटक्यानंतर त्यांनी पहिल्यांदा काहीतरी काढलं. रिळं माझ्या आजीच्या शिवणाच्या डब्यातली निघाली, तीन लाकडी, दोन प्लॅस्टिकची. लाकडी म्हणजे पहारेकरी. मी चोर. दुसऱ्याच चालीला पकडली गेले. पुन्हा बसले, पाचव्या चालीला पकडली गेले. पहारेकऱ्यांची रिळं ते उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून सरकवतात. तीनदा पडली, तीनदा स्वतःच उचलली. फिजिओताईंना विचारलं, त्या म्हणाल्या रोज करू द्या.

@उंट_तिरका_चालतो, आता मदत मला हवी आहे. बाबांनी पटावर त्रिकोण काढलाय, पण त्याच्या एका टोकावर निळा बसवलाय, तोंड नेमकं आत करून. फेरीच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींकडून शेवटी त्याच्या समोरच यावं लागतं. मला वाटतं आधी त्याला बाहेरच्या रेघेनं मागून गाठावं, मग त्रिकोण मोकळा होईल, पण त्या रेघेवर पिवळा फेऱ्या मारतोय. सहा चालींचा. हे कडेला लिहून ठेवलंय. उद्या संध्याकाळच्या चहापर्यंत सोडवायचं आहे. बाबांनी तेवढी मुदत दिली आहे.