नवख्यांकडून पहिल्याच दिवशी पूर्ण बिल्ड करून घ्यावं का?

धरमपेठकर (धागा सुरू करणारे)

मागच्या रविवारच्या आपल्या नागपूरच्या बैठकीला इंजिनिअरिंगची बरीच मुलं आली होती. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी करायचं, या उत्साहानं आली आणि बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्यासाठी, दुपारभर डाउनलोडची टक्केवारी बघत बसली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गिट क्लोन (सगळा कोड उतरवणं) मध्येच तुटलं की जिथे थांबलं तिथून पुढे जात नाही, सगळं पहिल्यापासून उतरवावं लागतं. ज्यांचं उतरलं त्यांच्यातल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर कंपायलर थोडा वेळ चालला आणि 'किल्ड' एवढं छापून थांबला. ओळ क्रमांक नाही, कारण नाही. तिला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलं. प्रत्यक्षात मेमरी संपल्यामुळे कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, तो प्रोग्रॅम मारला होता. लिब्रेऑफिसचं बिल्ड जेवढे कोअर तेवढी कामं एकदम सुरू करतं. बिल्डची तयारी करणाऱ्या ऑटोजेन स्क्रिप्टला 'विथ-पॅरललिझम' २, म्हणजे एका वेळी दोनच कामं, असं सांगितलं असतं तर बिल्ड हळू चाललं असतं, पण चाललं असतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी पूर्ण बिल्ड नको. त्या दिवशी मुलानं एक ओळ बदलावी आणि तो बदल त्याला पडद्यावर दिसावा. फायरफॉक्समध्ये याची अधिकृत सोय आहे, आर्टिफॅक्ट बिल्ड. सी प्लस प्लस आणि रस्टचा भाग तयार उतरतो, आपण फक्त जावास्क्रिप्ट, सीएसएसला हात लावायचा. लिब्रेऑफिससाठी आपण कोडचं गिट बंडल, म्हणजे अख्ख्या कोडची एकच फाइल, पेनड्राइव्हवर ठेवू. 'मेक फेच' ही कमांड आधीच चालवून बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या फाइलीही सोबत देऊ.

जुना सी-वाला, वर्धा रोड

भाऊ, मला हे अजिबात पटत नाही. पोट्ट्यांना सगळं आयतं देऊन राहिले तुम्ही.

साधं उदाहरण घ्या. 'झेडलिब डॉट एच सापडत नाही' अशी एरर येते. पोट्टा म्हणतो, झेडलिब ही लायब्ररी तर इन्स्टॉल आहे! आहेच. पण उबुंटूत हेडर फाइली, म्हणजे तिच्यावर कोड कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली, वेगळ्या डेव्ह पॅकेजात असतात आणि फेडोरात त्याच पॅकेजाचं नाव डेव्हलनं संपते. हे एकदा समजलं की पुढच्या दहा प्रोजेक्टांत कोणाला विचारावं लागत नाही. लायब्ररी चालवायला काय लागते आणि तिच्यावर कोड कंपाइल करायला काय लागते, हा फरक कॉलेजात कोणी शिकवत नाही. तो बिल्ड करतानाच कळते.

आर्टिफॅक्ट बिल्डचं अर्धंच सांगितलं तुम्ही. सी प्लस प्लसची एक ओळ बदलली की ते कामाचं नाही, पूर्ण बिल्ड करावंच लागते. मग तेव्हा कोण बसणार त्याच्याजवळ?

तिसरं वर्ष, सक्करदरा

मी त्या दिवशी होते. काका, एररची मला भीती नव्हती. विचारल्यावर 'रीडमी वाच' एवढंच उत्तर मिळालं, त्याचं वाईट वाटलं. रीडमी, म्हणजे कोडसोबतची सूचनांची फाइल, वाचूनच आले होते. कोणती एरर नेहमीची आणि कोणती माझ्या ४ जीबी रॅममुळे, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांत पंख्याखाली लॅपटॉप तापतो, तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्यात काय शिकणार?

त्रिमूर्तीनगर

पहिलं योगदान म्हणजे कोडच, असं का धरून चाललोय आपण? लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालं, पण त्याचं मूळ १९८५ च्या स्टाररायटरपर्यंत जातं आणि ते जर्मनीतलं. त्यामुळे कोडमध्ये जर्मन भाषेतल्या टिपा भरपूर होत्या. त्या इंग्रजीत आणायचं काम स्वयंसेवकांनी केलं, नवख्यांनाही ते मुद्दाम दिलं जायचं. आपल्याकडे मराठी इंटरफेस तपासायचं काम आहेच. त्याला बिल्ड लागत नाही.

जुना सी-वाला, वर्धा रोड

@सक्करदरा, 'रीडमी वाच' म्हणणं चूकच, त्यात वाद नाही. जवळ बसून एरर वाचायला शिकवायला पाहिजे होतं. पण बिल्डच काढून टाकणं हा त्याच्यावरचा उपाय नाही.

@त्रिमूर्तीनगर, भाषांतर करणारा भाषांतरातच राहते, कोडकडे वळत नाही, असं मी पाहिलं आहे. त्या कामाला कमी लेखत नाही. पण आपल्याला नागपुरातून पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवणारे पाहिजेत.

धरमपेठकर

पॅच पाठवणारे मलाही हवेत. म्हणूनच सांगतो, पहिल्या दुपारी हात हलवत परतलेला मुलगा दुसऱ्या रविवारी येतच नाही, मग हेडर फाइल शिकवणार कुणाला? बिल्ड शिकवायचंच आहे, दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी. तोपर्यंत त्याला कोडमधली एखादी जागा आपली वाटू लागलेली असेल. सक्करदऱ्याच्या ताईंनी 'किल्ड'बद्दल दोन परिच्छेद मराठीत लिहून द्यावेत. ज्याला नुकतं अडलं, त्यालाच नेमकं लिहिता येतं.

तिसरं वर्ष, सक्करदरा

लिहिते. पॅरललिझमचा पर्याय नेमका कुठे टाकायचा तेही त्यात घेते. ऑटोजेन डॉट इनपुट फाइलमध्ये ना?

धरमपेठकर

हो, तिथेच, वेगळ्या ओळीवर. 'विथ-लँग' एमआर हीसुद्धा टाका, म्हणजे तयार होणारं लिब्रेऑफिस मराठीत उघडता येईल.

जुना सी-वाला, वर्धा रोड

पेनड्राइव्हवरचं बंडल महिनाभरात जुनं होते. ते कोण ताजं ठेवणार, हे आधी ठरवा.