विषय: हातभर पावती आणि फुकटची टूथपेस्ट

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

आम्ही मार्चमध्येच न्यू जर्सीत, एडिसनला राहायला आलो. घरात सात महिन्यांची मुलगी, त्यामुळे दर चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या सीव्हीएस या औषधांच्या दुकानात फेरी ठरलेली. काल डायपर रॅशचं क्रीम आणि एक टूथपेस्ट घेतली. पावती मोजली तर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, वर वीतभर. दोन वस्तूंची! तिच्या शेवटी ‘३ डॉलर एक्स्ट्राबक्स’ असं काहीतरी छापलं होतं. मी ती कचऱ्यात टाकली, नवऱ्याने पुन्हा बाहेर काढली. हे पैसे खरे असतात का?

पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी म्हणत होतं की आमच्या घरी टूथपेस्टला कितीतरी वर्षं पैसेच दिलेले नाहीत. ती व्यक्ती मंडळाच्या या ईमेल यादीवर असेल तर कृपया बोला.

आणि मे महिन्यात आई-बाबा येताहेत. दोघांनाही बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्यासाठी यातलं काही उपयोगी पडतं का?

मृणाल

---

प्रेषक: शुभा

प्रिय मृणाल,

ती व्यक्ती मीच. आधी ती पावती पुसून, सरळ करून ठेव.

तुम्हा मुलांना आता फोनवर टिचकी मारली की कुपन लागतं. आमच्या वेळी वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानांच्या साखळीची दर महिन्याला ईझीसेव्हर नावाची पुस्तिका यायची. तिच्यातल्या वस्तू घ्यायच्या, पावत्या एकत्र करून पोस्टाने पाठवायच्या, मग काही पैसे परत यायचे. त्यालाच रिबेट म्हणायचं. चेकऐवजी गिफ्ट कार्ड घेतलं तर १० टक्के जास्त. राइट एड या दुसऱ्या साखळीचं त्याहून सुटसुटीत होतं: पावतीचे आकडे संगणकावर भरायचे आणि महिन्याअखेर सगळ्या रिबेटचा मिळून एकच चेक. वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांचे रिबेट मात्र जिवावर यायचे. खोक्यावरचा बारकोड कापा, मूळ पावती जोडा, वस्तूच्या किमतीभोवती पेनाने गोल करा, अमुक तारखेचा पोस्टाचा शिक्का हवा. एका रेझरच्या ८ डॉलरसाठी मी हे सगळं केलं आणि दीड महिन्याने पत्र आलं, बारकोड मूळ नाही, झेरॉक्स आहे. मूळ बारकोड मी जपून डब्यात ठेवला होता आणि झेरॉक्स पाठवली होती. यजमान अजून सुनावतात. या कंपन्यांचा हिशोबच असा असतो की शंभरातले बरेच जण पाठवायचं विसरतील, काही चुकतील, आणि तेवढे पैसे त्यांच्याकडेच राहतील.

आता तुझे ३ डॉलर. सीव्हीएसचं ग्राहकांसाठीचं एक्स्ट्राकेअर कार्ड २००१ पासूनचं. एक्स्ट्राबक्स म्हणजे त्यावर मिळणारी, पुढच्या खरेदीत वापरायची कुपनं. आपण वाण्याकडे उधारी ठेवायचो ना, तशी ही वाण्याची आपल्याकडची उधारी. फरक एवढाच की तारीख उलटली की हा वाणी हात झटकून मोकळा.

समज, टूथपेस्ट ५ डॉलरची. कंपनीचं १ डॉलरचं कुपन लावलंस, खिशातून ४ गेले, ३ एक्स्ट्राबक्स मिळाले. सगळे म्हणतात टूथपेस्ट १ डॉलरला पडली. नाही पडली. आज ती ४ डॉलरलाच पडली. ते ३ डॉलर ज्या दिवशी तुझ्या डायपरमध्ये वळते होतील, त्या दिवशी ती १ डॉलरची. आणि ते वापरायचेच म्हणून तू ७ डॉलरचा मस्कारा आणलास, तर ती टूथपेस्ट किती महाग पडली ते तूच सांग. सुटे परत मिळत नाहीत, हेही लक्षात ठेव. ३ चं कुपन देऊन अडीच डॉलरची वस्तू घेतलीस तर ५० सेंट गेले.

माझी पद्धत साधी आहे. घरात लागणाऱ्या वस्तूंची यादी फ्रिजवर असते. रविवारी दुकानाची नवी जाहिरात लागते, ती यादीशी ताडून बघते. यादीत नाही ते फुकट असलं तरी आणत नाही (जवळजवळ कधीच नाही). एका वस्तूवर कंपनीचं एकच कुपन चालतं, पण त्याच्यावर दुकानाचं कुपन लावता येतं. कंपनीच्या कुपनात दुकानाचं काही जात नाही. कंपनी त्यांना पूर्ण रक्कम भरून देते, वर बहुधा कुपनामागे ८ सेंट हाताळणीचे. तेव्हा काउंटरवरच्या मुलीने तोंड वाकडं केलं तरी ओशाळायचं कारण नाही.

एक्स्ट्राकेअर प्लस या त्यांच्या पैसे भरून घ्यायच्या सभासदत्वाला मी वर्षाचे ४८ डॉलर भरते, दर महिन्याला १० डॉलर मिळतात. मिळतात म्हणजे महिना संपायच्या आत वापरले तर. १ तारखेला मी कॅलेंडरवर लाल ठिपका देते.

शुभाकाकू

---

प्रेषक: दिलीप

शुभाताईंच्या चिकाटीला सलाम, पण यादीवर दुसरी बाजूही यायला हवी.

मी तीस वर्षं हिशेब तपासण्याचंच काम केलं. आमच्या तळघरात २०१४ साली शाम्पूच्या अकरा बाटल्या होत्या. अकरा! त्या सगळ्या ‘जवळजवळ फुकट’ होत्या. औषधांच्या दुकानात मूळ किंमतच चढी असते. तिथे ४० टक्के सवलत मिळवून आपण बऱ्याचदा कॉस्को या घाऊक मालाच्या दुकानाच्या रोजच्या भावाला पोचतो. त्यासाठी रविवारची सकाळ, पेट्रोल आणि डोकं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणखी एक बारीक मुद्दा, जो कुणी मोजत नाही. आपल्या न्यू जर्सीत डायपरवर आणि बिनचिठ्ठीच्या औषधांवर विक्रीकर नाही, पण टूथपेस्टवर ६.६२५ टक्के आहे. आणि कंपनीचं कुपन लावलं तरी कर कुपनाच्या आधीच्या किमतीवर लागतो, कारण दुकानाला ते पैसे कंपनीकडून मिळतातच.

शिवाय साठवलेलं ते आपलं, असं समजू नका. वॉलग्रीन्सने २०१२ साली बॅलन्स रिवॉर्ड्स नावाचं पॉइंटांचं कार्ड काढलं, २०२० मध्ये ते बंद करून मायवॉलग्रीन्स आणलं. राइट एड २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेलं, २०२५ च्या मेमध्ये पुन्हा गेलं. पॉइंट देणं थांबलं, ५ जूनपासून गिफ्ट कार्डंसुद्धा घेईनात, आणि ऑक्टोबरपर्यंत शेवटची दुकानंही बंद झाली. १९६२ पासूनची साखळी. ज्यांनी कार्ड पाकिटात जपून ठेवलं, त्यांच्याकडे एक छान प्लॅस्टिकचा तुकडा राहिला.

दिलीप

---

प्रेषक: शुभा

दिलीपराव, आमच्याकडे कोंबडी शिजत नाही, त्यामुळे मसाल्याचा हिशोब मला लागू नाही.

राइट एडचं तुमचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. म्हणूनच मी कधी २० डॉलरच्या वर साठू देत नाही. आणि तुमच्या त्या अकरा बाटल्यांपैकी चार मंडळाच्या सहलीच्या लॉटरीत बक्षीस म्हणून आल्या होत्या. एक मला लागली.

शुभा

---

प्रेषक: अर्चना

मृणाल, तुझा आई-बाबांचा प्रश्न या गमतीत बाजूलाच पडला. मी फार्मसिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, वर पंधरा दिवसांच्या जास्तीच्या, मूळ वेष्टणात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घेऊन येऊ देत. पुण्याच्या किंवा नाशिकच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथलं दुकान औषध देत नाही, इथला परवाना असलेल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. ती मिळाली तर दुकानाच्या पॉइंटांमागे लागू नकोस. गुडआरएक्ससारखं सवलतीचं कार्ड दाखव, त्याला विमा लागत नाही. अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन अशी जुनी जेनेरिक औषधं त्यावर खूप स्वस्त पडतात. एकाच औषधाचा भाव दोन दुकानांत दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो, म्हणून आधी फोन करून विचार. कॉस्कोच्या फार्मसीत औषध घ्यायला सभासदत्व लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विमा असलेल्यांनी मात्र ध्यानात ठेवा: असं कार्ड आणि विमा एका वेळी चालत नाहीत, आणि कार्डावर भरलेले पैसे बहुधा डिडक्टिबलमध्ये (विमा सुरू होण्याआधी आपण भरायच्या रकमेत) धरले जात नाहीत.

स्वस्ताईची दुसरी किंमतही असते. गुडआरएक्सने लोकांच्या औषधांची माहिती फेसबुक, गूगलसारख्यांना पुरवली म्हणून फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली, १५ लाख डॉलर दंड झाला. मी स्वतः ते कार्ड वापरते, पण कुपनांसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवला आहे.

पासष्टीच्या पुढच्या सभासदांसाठी: मेडिकेअर या सरकारी विम्यातून घेतलेल्या औषधांवर सहसा रिवॉर्ड मिळत नाहीत, त्यावरून काउंटरवर भांडू नका. सरकारी विम्याच्या रुग्णांना आमिष दाखवायला कायद्याने बंदी आहे. चिठ्ठ्या आमच्या दुकानात आणा, गिफ्ट कार्ड घ्या, या प्रकारावरून वॉलग्रीन्सने २०१२ मध्ये ७९ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं.

आणि सगळ्यात मोठी बचत कुपनाशिवायची. टायलेनॉल या ताप-दुखीच्या औषधाच्या शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या नावाची बाटली असते. औषध तेच, अ‍ॅसिटामिनोफेन. आपल्याकडे त्यालाच पॅरासिटामॉल म्हणतात. हे आई-बाबांना नक्की सांग, कारण बॅगेतली क्रोसिन आणि इथली टायलेनॉल ही दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतलेले एक काका मी पाहिले आहेत. सर्दीच्या सिरपमध्येही ते असतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय काही देऊ नकोस.

नवऱ्याच्या ऑफिसात एफएसए (औषधपाण्यासाठी पगारातून कर न लागता बाजूला ठेवायचे पैसे) असेल तर २०२० पासून अशी बिनचिठ्ठीची औषधं आणि सॅनिटरी पॅड त्यातून घेता येतात. म्हणजे कर वाचला, शिवाय एक्स्ट्राबक्स मिळायचे ते मिळतातच. फक्त पावती टाकू नकोस!

अर्चना

---

प्रेषक: मृणाल

सर्वांचे मनापासून आभार. आई-बाबा येऊन तीन आठवडे झाले, म्हणून आता कळवते.

क्रोसिनचा अख्खा डबा आला आहे. मी त्याच्यावर मार्करने ‘टायलेनॉल’ लिहून ठेवलं. बाबांना हे पटलेलं नाही, पण वाचतात.

शुभाकाकू, फ्रिजवर यादी लावली. पहिले ३ डॉलर मी हुकवले, तारीख गेली. दुसऱ्या खेपेला ५ मिळाले, ते डायपरमध्ये वळते झाले. एक मस्काराही आला, पण तो यादीत होता. मीच लिहिला होता.

दिलीपकाका, आईने कॉस्को पाहिलं आणि तुमच्या पक्षात गेली. सीव्हीएसबद्दल तिचं एकच म्हणणं आहे. परवा मी पावती फाडायला लागले तर तिने हातातून काढून घेतली, उलटी केली आणि म्हणाली, ‘अगं, पाठकोरी आहे.’ आता तिच्यावर आठवड्याची भाजी लिहिली जाते. वांगी, मेथी, कोथिंबीर दोन जुड्या, सगळं मावून खाली जागा उरते.

मृणाल